बाळंतवेणांविषयी बोलायला हवं

"ताई, पण नेमकं किती दुखतं?"

गेल्या पावसाळ्यात एका गावच्या बैठकीत हा प्रश्न आला. विचारणारी एकोणीस-वीस वर्षांची पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला. बैठकीचा विषय होता रक्तक्षय. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, हिमोग्लोबिन तपासून घ्या, वगैरे मी सांगत होते. प्रश्न ऐकून बाया हसल्या. एक आजी म्हणाल्या, "येळ आली की कळंल." एकीनं तोंडाला पदर लावला. पोरगी ओशाळली आणि खाली बघायला लागली. आणि मी? "प्रत्येकीचं वेगळं असतं गं" असं काहीतरी गुळमुळीत बोलले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले.

घरी परतताना एसटीत मला माझीच लाज वाटली. मी समाजकार्यात एम.ए. केलंय. बाया बाळंतपणात का दगावतात ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब, अडलेली बाळंतीण. त्यावर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली आहेत. आणि तीन वर्षांपूर्वी मी स्वतः बाळंत झाले आहे. म्हणजे त्या मुलीला उत्तर देण्याचा अभ्यासही माझ्यापाशी होता आणि अनुभवही. नव्हती ती फक्त भाषा. बाळंतपणाबद्दल चारचौघींत बोलायचं ते एकतर बाळाच्या वजनाबद्दल नाहीतर डिंकाच्या लाडवांबद्दल, अशी सवय आपल्याला लागली आहे.

मैत्रिणींनो, आपल्या चळवळीनं बाईच्या शरीराबद्दल कमी बोललेलं नाही. गर्भलिंगतपासणीविरुद्ध महाराष्ट्रात मोर्चे निघाले, १९८८ साली राज्याचा कायदा झाला, १९९४ मध्ये देशाचा. इंजेक्शनच्या गर्भनिरोधकांविरुद्ध आपल्या आधीच्या पिढीतल्या मैत्रिणी कोर्टात गेल्या. पाळी, पांढरं जाणं, अंगावर येणं, सगळ्याची शिबिरं झाली. पण मूल जन्माला येतानाचे ते दहा-बारा-वीस तास, त्या तासांत बाईला काय होतं आणि तिच्याशी लोक कसे वागतात, यावर आपण तितकं बोललो नाही. कदाचित मातृत्वाचं देव्हाऱ्यात बसवलेलं रूप नाकारण्याच्या भरात आपण बाळंतपणच थोडं बाजूला ठेवलं. कदाचित बाया मरत असताना दुखण्याबद्दल काय बोलायचं, असंही वाटलं असेल. दोन्ही समजण्यासारखं आहे. पण आता जवळजवळ सगळ्या बाया दवाखान्यात बाळंत होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात शंभरातल्या ८८ हून जास्त बाळंतपणं दवाखान्यात झाली. बाईला दवाखान्यात आणलं, ठीक. आणल्यावर पुढे काय?

माझं सांगते. शहरातला एक दवाखाना, नाव महत्त्वाचं नाही. संध्याकाळी ओटीपोटात पाळीसारखं दुखायला लागलं. वाटलं दुपारचं खाणं बाधलं. मग ते येऊन जाऊन यायला लागलं, आणि दर वेळी कंबरेतून सुरू होऊन पुढे यायचं. रात्रभर घरात फिरले. भिंतीला हात टेकून उभं राहिलं की बरं वाटायचं. पहाटे दवाखान्यात गेले तेव्हा "तीनच सेंटिमीटर" असं सांगून मला टेबलावर झोपवलं आणि तिथून माझं चालणं बंद. पाणी प्यायचं नाही. आई आणि नवरा दाराबाहेर. थोड्या वेळानं सलाइन लावलं. त्यात कळा वाढवायचं औषध आहे हे मला कुणी सांगितलं नाही, मी विचारल्यावर "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढंच उत्तर. तासाभरात कळांची जातच बदलली. आधी प्रत्येक कळेला सुरुवात होती, चढ होता, उतार होता. आता चढ तेवढा उरला. मी ओरडले तेव्हा कानावर आलं ते वाक्य तुम्हाला पाठ आहे, मला लिहायची गरज नाही. नवऱ्याजवळ जाताना काय वाटलं होतं, हेच ते. शेवटी एकीनं कोपरानं पोट दाबलं, न विचारता खाली कापलं, टाके घातले. पुढचा महिनाभर मला नीट बसता येत नव्हतं. मूल चांगलं झालं. "मग आता कशाला आठवायचं?" असं आई आजही म्हणते.

एकच माणूस तिथं माझ्याशी माणसासारखं वागलं. फरशी पुसणाऱ्या मावशी. त्यांनी फडकं बादलीत टाकलं, हात धुतले आणि माझी कंबर मुठीनं रगडत राहिल्या. "आता येतीय बघ, आता चढली, आता उतरंल, झालं, सोड अंग." तेवढ्यात त्यांना काम सोडून उभ्या राहिल्याबद्दल बोलणी बसली आणि त्या गेल्या. माझ्या सगळ्या बाळंतपणात वेदनेवरचा खरा उपचार मिळाला तो त्या दहा मिनिटांत.

त्या बैठकीनंतर मी ठरवलं, आता विचारायचं. आमच्या गटांतल्या बायांना मी एकच प्रश्न विचारत गेले: कळ कशी असते? सुरुवातीला "कशी म्हंजे? दुखतं" एवढंच. मग एकीनं तोंड उघडलं की बाकीच्या थांबत नसत. एक म्हणाली, गोधडी धुऊन दोघींनी दोन्हीकडून पिळावी तसं पोट पिळतं. एक म्हणाली, जात्यात दाणा अडकला की खुंटा जसा जड होतो, तसं सगळं अंग जड होऊन एका जागी अडतं. ज्यांची मुलं आईच्या पाठीकडे पाठ करून होती त्यांना पोटात फारसं नाहीच, कंबरच फुटते असं वाटलं होतं. बहुतेकींनी सांगितलं, शेवटी परसाकडला लागल्यासारखं होतं, अगदी आवरेना असं, आणि डोकं बाहेर येताना मिरची चोळल्यासारखी आग होते. ती आग क्षणभराची, पण तिची आठवण लांब. आणि चार लेकरांची आई असलेल्या एका बाईनं जे सांगितलं ते मी कुठल्या पुस्तकात इतकं स्पष्ट वाचलं नव्हतं: "दोन कळांच्या मधी काहीच नसतं बघा. निस्ती झोप येती. मला तर त्या मधल्या टायमाला डुलकी लागायची."

हे सांगायला हवं होतं त्या मुलीला. की गर्भाशय हा स्नायू आहे, तो आवळतो आणि सैल पडतो. आवळताना पिशवीचं तोंड पातळ होऊन थोडं थोडं उघडतं, दहा सेंटिमीटरपर्यंत. सुरुवातीच्या कळा लांब लांब आणि अनियमित असतात, तो काळ काही तासांचा असू शकतो, कधी दिवसभराचाही, आणि त्यात बाईनं चालावं, खावं, झोपावं. जोराच्या कळा दहा मिनिटांत तीन-चार येतात आणि एकेक कळ मिनिटभराच्या आसपास असते. तोंड पूर्ण उघडत आलं की अंग थरथरतं, उलटी होते, आणि अगदी खंबीर बाईसुद्धा म्हणते की मला हे जमणार नाही, मला घरी न्या. हे वाक्य तोंडातून आलं म्हणजे बहुधा बाळ जवळ आलेलं असतं. कळा देताना शी होऊ शकते, त्यात लाजायचं काही नाही, तिथल्या नर्सला ते रोजचं आहे. बाळानंतर वार पडते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बाळ अंगावर पिताना पोटात पुन्हा कळा येतात, तेव्हा काही बिघडलं असं समजू नये.

आमच्या संस्थेतली माझी एक सहकारी, माझ्याहून अनुभवी, तिचं म्हणणं होतं की हे सगळं आधी सांगितलं तर मुली घाबरतील. मी यावर बराच विचार केला. भीतीनं अंग आखडतं आणि आखडलेल्या अंगाला जास्त दुखतं, हे खरंच आहे. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरनं १९३० च्या दशकापासून हेच मांडलं. पण मुली आज घाबरत नाहीत का? मालिकेत बाई घामाघूम होऊन किंचाळते आणि पुढच्याच दृश्यात स्वच्छ पुसलेलं चार महिन्यांचं बाळ रडतं. शेजारची अडलेली, जाऊ फाडलेली, मामी बाळंतपणात गेलेली, हे कानावर असतंच. भीती आधीच भरलेली आहे. नसतो तो त्या भीतीला काही आकार. एका कळेनंतर सुट्टी असते हे माहीत असणं आणि नसणं यात फार फरक आहे.

त्याच डिक-रीडचं दुसरं म्हणणं मात्र आपण तपासून घ्यायला हवं. सुसंस्कृत समाजातल्या बाईला वेदना जास्त, आणि रानावनातल्या 'आदिम' बाईला जवळजवळ नाहीतच, अशी त्याची समजूत होती. ही समजूत आपल्या दवाखान्यांत अजून जिवंत आहे. "यांना काही होत नाही हो, यांच्या बाया शेतात बाळंत होऊन संध्याकाळी भाकऱ्या करतात." आदिवासी बाईबद्दल, पारधी बाईबद्दल, ऊसतोड करणाऱ्या बाईबद्दल हे मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. ती संध्याकाळी भाकऱ्या करते कारण तिच्याऐवजी करायला कुणी नसतं. तिला दुखत नाही हा निष्कर्ष कुठून काढला? आणि ती मुकाट्यानं सोसते म्हणून तिच्याकडे बघायचं नाही, दुसरी ओरडते म्हणून तिला झापायचं, म्हणजे बाईनं करायचं तरी काय? आपल्याकडे धीर धर म्हणायला 'कळ काढ' म्हणतात. हा शब्द बहुधा आपल्या बाळंतिणींनीच भाषेला दिला असावा, आणि आता तोच उलटून त्यांना ऐकवला जातो.

आता तयारी. तयारी म्हणजे आपल्याकडे ओटीभरण, हिरवी साडी, बाळाची झबली, शतावरी. शहरात त्यात गर्भसंस्काराच्या वर्गाची भर पडली आहे. त्याचं माहितीपत्रक मी मन लावून वाचलं. बाळ हुशार, गोरं आणि आज्ञाधारक कसं होईल याची त्यात सोय होती. बाईनं नऊ महिने सात्त्विक विचार करायचे, पण नऊ महिन्यांनंतर तिच्या अंगाला काय होणार आहे त्याबद्दल ओळ नव्हती.

आम्ही आता आठव्या महिन्यातल्या बायांची वेगळी बैठक घेतो, जमेल तेव्हा सासूला किंवा आईलाही बसवून. त्यात एक खेळ करतो. भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं अर्धवट बसायचं, मी घड्याळात मिनिट मोजते. ज्यांना डॉक्टरांनी जपायला सांगितलंय त्या नुसत्या बघतात. मांड्या पेटतात. मग उठायचं, हातपाय सैल सोडायचे, तीन मिनिटं गप्पा. पुन्हा मिनिट. पहिल्यांदा सगळ्या दात आवळतात, श्वास कोंडतात. दुसऱ्यांदा लांब श्वास सोडायला सांगते, जबडा सैल, ऊं ऊं असा घशातून आवाज काढायचा. कळ अशी असते असं मी अजिबात सांगत नाही, कळेशी याची तुलनाच नाही. पण मिनिट किती लांब असतं आणि ते संपतं, हे अंगाला कळतं. सासवा फार हसतात, आणि मग त्याच सगळ्यात चांगलं शिकतात, कारण त्यांच्या अंगाला ते आठवतं. कंबर कुठे दाबायची, गरम पाण्याचं फडकं कुठे ठेवायचं, हे त्या आम्हाला दाखवतात.

दुसरी तयारी कागदाची आणि पैशाची. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण आणि नेण्याआणण्याचं वाहन सगळं मोफत आहे, हे किती घरांत माहीत आहे? रात्री गाडी कुणाची, पोरांना कोण सांभाळणार, हे आधी ठरवायचं. आणि कशाला थांबायचं नाही ते पाठ करून घ्यायचं: अंगावरून रक्त जाणं, हिरवट पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यापुढे अंधारी, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणं. तसंच, लवकर मोकळी व्हावी म्हणून घरी कुणी कळांचं इंजेक्शन द्यायला आलं तर सरळ नाही म्हणायचं. कळा बेसुमार वाढल्या तर पिशवी फाटते, बाळ गुदमरतं. दवाखान्यातसुद्धा ते औषध थेंब मोजून, बाळाचे ठोके बघत द्यायचं असतं.

पण एक गोष्ट मला इथं ठासून सांगायची आहे. सगळी तयारी बाईनंच करायची आणि दवाखान्यानं काहीच नाही, हे मला मान्य नाही. ती श्वास शिकून गेली आणि तिला तिथं पाठीवर झोपवून ठेवलं, तर श्वासाचं काय करायचं? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली बाळंतपणातल्या सेवेबद्दल ज्या शिफारशी केल्या त्या आपण प्रत्येकीनं वाचाव्यात. धोका नसलेल्या बाईला हिंडूफिरू द्या, हवं तसं बसू द्या, खाऊपिऊ द्या. केस काढणं आणि एनिमा नेहमीचे म्हणून करू नका. सरसकट कापू नका. पोटावर दाब देऊ नका. पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असा हट्ट धरू नका. आणि तिला हवी असलेली सोबतीण तिच्यापाशी असू द्या. हे शेवटचं आपल्या केंद्र सरकारनंही २०१६ मध्ये मान्य केलं आहे: सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ नात्यातली एक बाई थांबू शकते, आणि जिथं आडोसा पुरेसा आहे तिथं नवराही. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सन्मानानं वागवण्याची भाषाही आली. कॉक्रेनच्या २०१७ च्या आढाव्यात २६ अभ्यास आणि पंधरा हजारांवर बाया होत्या. सतत कुणीतरी जवळ असलेल्या बायांची बाळंतपणं थोडी लवकर झाली, सिझेरियन कमी लागली, वेदनाशामक औषधं कमी लागली. माझ्या त्या मावशींना हे कुणी सांगितलं नव्हतं.

नर्सताईंवर सगळं ढकलायचं नाही मला. दोन टेबलं, पाच बाळंतिणी आणि रात्रपाळीला एकटी नर्स, हे मी पाहिलं आहे. तिचा आवाज चढतो त्याला कारणं आहेत. पण हात उगारायला कारण असू शकत नाही. आणि सोबतीण आत आली तर त्या नर्सचाही भार हलका होतो, हे तिला पटवून देणं आपलं काम आहे.

शेवटचा मुद्दा वादाचा आहे आणि आपल्या गटांतही यावर एकमत नाही. पाठीच्या कण्यात देतात त्या वेदनामुक्तीच्या इंजेक्शनबद्दल, एपिड्यूरलबद्दल, आपल्यातल्या काही जणी नाराजीनं बोलतात. बाळंतपण नैसर्गिक आहे, त्याचं औषधीकरण नको, असा त्यांचा सूर. औषधीकरणाला माझाही विरोध आहे. खाजगी दवाखान्यांतली निम्म्याच्या आसपास बाळंतपणं सिझेरियननं होतात, त्याच पाहणीत ४७.४ टक्के, आणि सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. यातली किती गरजेची, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. पण वेदना कमी करून मागणाऱ्या बाईला आपण नैसर्गिकतेचा उपदेश करायचा, तर मग तिच्या सासूत आणि आपल्यात फरक तो काय? १८४७ साली एडिंबरोच्या सिम्पसननं बाळंतपणात भूल वापरली तेव्हा बाईनं वेदनेनंच मूल जन्माला घालावं असं बायबलमध्ये आहे म्हणून आरडाओरडा झाला. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियानं क्लोरोफॉर्म घेतला आणि तो आवाज पुष्कळसा खाली आला. राणीला मिळालं ते आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आजही मिळत नाही, कारण भूलतज्ज्ञच नाही. एपिड्यूरलनं पाय जड होतात, रक्तदाब उतरू शकतो, शेवटचा टप्पा लांबू शकतो. हे सगळं सांगून मग तिला ठरवू द्यावं. आणि जोवर ते नाही तोवर किती शिकलेल्या मुली नुसत्या कळांच्या धास्तीनं सिझेरियन मागून घेतात, त्यांना दोष देण्याआधी दुसरा कोणता रस्ता आपण त्यांच्यासाठी खुला ठेवला तेही बघावं.

ती बैठकीतली मुलगी दिवाळीच्या आधी बाळंत झाली, आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. मी तोवर तिच्याकडे दोनदा जाऊन आले होते आणि राहिलेलं उत्तर दिलं होतं. तिची आई बाहेरच बसून राहिली. आत दुसरीही बाळंतीण होती, मध्ये पडदा नव्हता, म्हणून नातेवाईक आत नको, असं सांगितलं गेलं. आम्ही २०१६ च्या सूचनांचा कागद घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेलो. तरुण डॉक्टर होत्या, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला मान्य आहे, पण पडद्याचे पैसे कुठल्या खात्यातून टाकू?" रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या सभेत विषय घ्यायचं ठरलं. सभा दोनदा पुढे ढकलली गेली. शेवटी बचत गटानं कापड आणलं, एकीनं मशीनवर शिवलं, सरपंचबाईंच्या दिरानं लोखंडी दांडी बसवून दिली. पडदा लागला आहे. आता दोन स्टुलं हवी आहेत, आई नाहीतर सासूला रात्रभर बसायला. त्याचा अर्ज दिलाय.